आईचं डायलिसिस नऊ वर्षं चालू आहे, एक्सरेत पोटातली मोठी रक्तवाहिनी पांढरी दिसली आणि डॉक्टरांनी कॅल्शियमच बंद केलं, असं का?

वारणाकाठची

नमस्कार मंडळी. आधी फक्त वाचायचे इथे, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी आई ५८ वर्षांची, सांगलीला असते, नऊ वर्षं झाली डायलिसिस चालू आहे. शुगर नाही, बीपीने किडन्या गेल्या. पहिली तीन वर्षं आठवड्यातून दोनदा करायची, मग श्वास भरायला लागला म्हणून तीनदा. फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी हातात जोडलेली नस) अजून पहिलाच चालतोय, त्याबाबतीत नशीबवान. गेल्या दिवाळीत बाथरूममध्ये हात टेकला एवढंच निमित्त आणि मनगट मोडलं. तेव्हा हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं की हाडं ठिसूळ झालीत, म्हणून आम्ही सगळे कामाला लागलो. मावशी नाचणीचं सत्त्व पाठवायला लागली, वहिनी दर रविवारी पायाचं सूप करायला लागली, कॅल्शियमची गोळी तर आधीपासून चालूच होती, दिवसाला तीन.

आता महिनाभर कंबर दुखतेय म्हणून मणक्याचा एक्सरे काढला, बाजूने काढतात तो. रिपोर्टमध्ये शेवटी एक ओळ होती की पोटातल्या महाधमनीत कॅल्शियम साचलंय. मी ती फिल्म स्वयंपाकघराच्या खिडकीला लावून बघितली तर मणक्यांच्या पुढे दोन पांढऱ्या रेघा, वरपासून खालपर्यंत, मध्येमध्ये तुटलेल्या, रांगोळीची रेघ ओढताना चिमूट संपत आल्यावर तुटते तशा. मला काही समजत नाही त्यातलं पण ते बघून पोटात गोळा आला.

किडनीच्या डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी रक्त बघितलं, फॉस्फरस ७.१, कॅल्शियम १०.४, पीटीएच ७८०. आणि कॅल्शियमची गोळी बंद, ती व्हिटॅमिन डी ची छोटी कॅप्सूल पण बंद, त्याऐवजी फॉस्फरस कमी करणारी सेव्हेलामर ८०० तीन वेळा. ओपीडीत गर्दी इतकी होती की "फॉस्फरस आणा खाली" एवढंच बोलणं झालं.

आता घरात भांडणं आहेत. दादा म्हणतो हाडं ठिसूळ झालेल्या बाईचं कॅल्शियम कोण बंद करतं, दुसरा डॉक्टर बघ. नवीन गोळी महाग पण आहे आणि तिने आईचं पोट फुगतं. मला तीन गोष्टी विचारायच्यात. हाडात कॅल्शियम कमी आणि नसांमध्ये जास्त, हे एकाच माणसात कसं? हे साचलेलं निघतं का? आणि आम्ही घरी नेमकं काय चुकवतोय? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

अकरावं_वर्ष

ताई, आधी आईंना नमस्कार सांगा, नऊ वर्षं म्हणजे साधी गोष्ट नाही. मी स्वतः पेशंट आहे, वय ५१, डायलिसिसचं अकरावं वर्ष, मंगळ-गुरु-शनी.

माझंही असंच सापडलं, पण दुसऱ्या वाटेने. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घालायचं म्हणून तपासण्या केल्या, त्यात कंबरेखालच्या रक्तवाहिन्यांचा साधा सीटी केला. नवीन किडनी पोटात खालच्या बाजूला बसवतात आणि तिथल्या मांडीकडे जाणाऱ्या धमनीला जोडतात, ती धमनी चुन्यासारखी कडक असेल तर टाका घालायला जागाच सापडत नाही. माझ्या डाव्या बाजूला बरंच साचलेलं, उजव्या बाजूला एक मऊ पट्टा शिल्लक आहे असं सर्जन म्हणाले. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की दर महिन्याच्या रिपोर्टमधला फॉस्फरसचा आकडा मी आठ वर्षं नुसता बघून फाइलला लावत होतो. क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन याबद्दल सगळे बोलतात. फॉस्फरस वाढला तर त्या दिवशी काही होत नाही हो. फार तर अंगाला खाज सुटते. म्हणून तो राहून जातो.

दादांना सांगा की डॉक्टर बदलू नका, माझेही कॅल्शियम असेच बंद केले होते. आणि आईंचे प्रत्यारोपणाचे काही ठरत असेल तर हा सीटी लवकर करून घ्या, वाट बघण्यात अर्थ नाही.

रात्रपाळी

मी नेफ्रोलॉजीत काम करतो. तुमच्या आईंचे डॉक्टर मी नाही, त्यामुळे औषधाचा डोस वगैरे त्यांच्याकडेच, पण "एकाच माणसात कसं" हा प्रश्न इतका बरोबर आहे की त्याचं उत्तर ओपीडीतच मिळायला हवं होतं.

गळ्यात थायरॉइडच्या मागे मसुराच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. त्यांचं काम रक्तातलं कॅल्शियम कमी पडू न देणं. किडनी गेली की दोन गोष्टी होतात, फॉस्फरस बाहेर पडत नाही आणि व्हिटॅमिन डी चं कामाचं रूप तयार होत नाही, त्यामुळे आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. मग या ग्रंथी पीटीएच नावाचं हार्मोन सोडत राहतात, वर्षानुवर्षं, आणि पीटीएच काय करतं तर हाडं झिजवून त्यातलं कॅल्शियम रक्तात आणतं. हाडातून कॅल्शियम एकटं येत नाही, सोबत फॉस्फरसही येतो. म्हणजे आधीच जो जास्त आहे त्यात भर. आईंचं मनगट मोडलं आणि पोटातली धमनी पांढरी झाली या दोन वेगळ्या घटना वाटतात पण एकाच दुखण्याच्या दोन बाजू आहेत.

आता रक्तवाहिनीत काय होतं ते. लोकांना वाटतं बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो तसं होत असेल. तसं थोडं होतंही, पण मुख्य गोष्ट त्याहून विचित्र आहे. धमनीच्या भिंतीच्या मधल्या थरात स्नायूच्या पेशी असतात, त्यांच्यामुळे धमनी रबरासारखी ताणली जाते आणि परत येते. भोवती फॉस्फरस सतत जास्त राहिला की या पेशी स्नायूचं काम सोडतात आणि हाड तयार करणाऱ्या पेशींसारख्या वागायला लागतात. अक्षरशः. हाडात जी प्रथिनं बनतात ती तिथे बनायला लागतात आणि त्यावर कॅल्शियम-फॉस्फेट बसतं. कोलेस्टेरॉलच्या गाठीने जो ब्लॉकेज होतो तो आतल्या थरातला आजार, हा मधल्या थरातला. मॉन्केबर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरने १९०३ मध्ये याचं वर्णन केलंय, एक्सरेत रेल्वेच्या रुळासारख्या दोन समांतर रेघा दिसतात त्या याच. डायलिसिसच्या पेशंटमध्ये बहुतेकदा दोन्ही आजार एकत्र असतात.

खरं तर आपल्या सगळ्यांच्याच रक्तात कॅल्शियम आणि फॉस्फरस इतकं असतं की साचायला वेळ लागू नये. साचत नाही कारण शरीराने राखणदार ठेवलेत. यकृतातून फेट्युइन-ए नावाचं प्रथिन येतं, धमनीच्या भिंतीतच एक प्रथिन असतं जे व्हिटॅमिन के मिळालं तरच काम करतं, आणि पायरोफॉस्फेट असतं. किडनीच्या आजारात हे राखणदार कमी पडतात.

धमनी कडक झाली की होतं काय, वरचं बीपी वाढतं आणि खालचं उतरतं. आईंचं बीपी १७०/६० असं काही येतं का बघा. वरच्या आकड्यामुळे हृदयाला जोर लावावा लागतो आणि ते जाड होतं, आणि हृदयाला स्वतःचं रक्त मिळतं ते दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात, म्हणजे खालच्या आकड्याच्या जोरावर, ते कमी पडतं. डायलिसिसवरच्या लोकांमध्ये हृदयविकार एवढे का, याच्या कारणांपैकी हे एक मोठं.

आणि हे म्हातारपणाचं नाही. २००० साली अमेरिकेत डायलिसिसवरच्या २० ते ३० वयाच्या १६ जणांचा सीटी केला होता, त्यातल्या १४ जणांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम सापडलं. त्याच वयाच्या ६० निरोगी लोकांत फक्त ३. आणि ज्यांच्यात साचलं होतं ते कॅल्शियमच्या गोळ्या जवळपास दुप्पट घेत होते. म्हणून आज जगभरच्या किडनी डॉक्टरांच्या मार्गदर्शनात, म्हणजे केडिगोच्या २०१७ च्या सूचनांत, कॅल्शियमवाल्या गोळ्या मर्यादेत ठेवा, रक्तातलं कॅल्शियम वाढू देऊ नका, फॉस्फरस नॉर्मलकडे आणा असं लिहिलंय. १०.४ कॅल्शियम आणि ७.१ फॉस्फरस असताना तुमच्या डॉक्टरांनी जे केलं ते याला धरूनच आहे. ती डी ची कॅप्सूल आतड्यातून कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही जास्त ओढते म्हणून तीही थांबवली असणार. पीटीएच नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दोन ते नऊ पट चालतं, साधारण ६५ ही मर्यादा धरली तर ५८५ पर्यंत, आईंचं त्याच्यावर आहे. फॉस्फरस उतरल्यावर ते बघतील, पीटीएच उतरवणारी सिनाकॅल्सेटसारखी गोळी असते, काहींना शेवटी ग्रंथीचं ऑपरेशन लागतं.

साचलेलं निघतं का, तर आज खात्रीने काढून टाकेल असं औषध नाही. वेग कमी करता येतो. दहा वर्षांचं साचलेलं आहे म्हणून पुढची दहा वर्षं तशीच सोडायची नसतात.

वारणाकाठची

@रात्रपाळी, तुमचं दोनदा वाचलं, मग दादाला मोठ्याने वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही पण उठून नाचणीच्या सत्त्वाचा डबा वरच्या फळीवर ठेवला. बीपी डायलिसिसच्या वहीत बघितलं, परवाचं १७४/६२. आजपर्यंत आम्ही फक्त वरचा आकडा बघून घाबरायचो, खालचा बघून बरं वाटायचं.

एक विचारायचं राहिलं, गोळ्यांची वेळ. आई सगळ्या गोळ्या एकदम घेते, सकाळी नाश्त्याच्या तासभर आधी चहाबरोबर आणि रात्री झोपताना दहाला. जेवण साडेसातला होतं. दुपारची बऱ्याचदा राहते. कॅल्शियम पण असंच घ्यायची. यात काही चुकतंय का?

टेक्निशियन_बाई

ताई, चुकतंय, आणि हेच सगळ्यांचं चुकतं. मी १६ वर्षं डायलिसिस युनिटमध्ये टेक्निशियन आहे, मशीनला बसवल्यावर पेशंटशी चार तास गप्पा मारायला मीच असते त्यामुळे कोण काय कधी घेतं ते डॉक्टरांपेक्षा मला जास्त माहीत असतं.

ही गोळी, मग कॅल्शियमवाली असो की सेव्हेलामर, ताटातला फॉस्फरस आतड्यातच धरून ठेवायला असते. धरला की तो शौचावाटे जातो. ताट साडेसातला आणि गोळी दहाला म्हणजे पाहुणे जेवून गेल्यावर पानं मांडल्यासारखं आहे. आणि कॅल्शियमची गोळी रिकाम्या पोटी घेतली तर तिला धरायला फॉस्फरसच नसतो, मग ते कॅल्शियम सरळ रक्तात शोषलं जातं. म्हणजे फॉस्फरसला आळा नाही आणि वर फुकटचं कॅल्शियम, वर्षानुवर्षं. आईंना ओरडू नका मात्र, पाकिटावर "जेवणानंतर" एवढंच लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ कुणी समजावत नाही. आमच्याकडे एक काका आहेत ते गोळी ताटाच्या कडेला मीठ वाढतात तिथे ठेवायला लावतात सुनेला, दोन घास खाल्ले की गोळी मग पुढचं जेवण. त्यांचा फॉस्फरस तीन महिन्यांत ६.८ वरून ५ च्या आत आला, बाकी काही बदललं नव्हतं.

सेव्हेलामर चावायची नाही, कुटायची नाही, अर्धी करायची नाही, ती पाण्यात फुगते. लॅन्थॅनमची (हीसुद्धा फॉस्फरस धरणारीच गोळी) दिली तर ती उलट चावूनच खायची असते. पोट फुगणं, बद्धकोष्ठता हे सेव्हेलामरने होतं, डॉक्टरांना सांगा, ते हळूहळू डोस वाढवतात. थायरॉइडची गोळी असेल तर ती आणि ही एकत्र नको, मध्ये काही तास जाऊ द्या. आणि आई जेव्हा जास्त खातात तेव्हा गोळी लागते, नुसता बिनदुधाचा चहा घेतला तर गोळीचं तिथे काय काम.

आता मशीनचं सांगते कारण घरच्यांना वाटतं डायलिसिसमध्ये सगळं निघून जातं. फॉस्फरस हट्टी आहे. तो रक्तात थोडा आणि पेशींमध्ये नि हाडात भरपूर असतो. पहिल्या तास-दोन तासांत रक्तातला निघतो, मग आतून हळूहळू झिरपत येतो तेवढाच निघतो. त्यामुळे वेळ महत्त्वाचा. हिशोब बघा, दिवसाला ८०० ते १००० मिलिग्रॅम खाण्यातून येतो, त्यातला साधारण साठ टक्के शोषला जातो, म्हणजे आठवड्याला चार हजारांच्या आसपास. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये ८०० ते ९०० निघतो, तीन वेळा धरले तरी अडीच हजारच. उरलेला दीड हजार गोळीनेच अडवायचा असतो. जे दोनदाच करतात त्यांचा तर ताळमेळ बसतच नाही. आणि "बाई, अर्धा तास आधी काढा हो, बस आहे" असं दर वेळी कुणीतरी म्हणतं. मला त्यांची बस कळते, तासगावहून, जतहून येतात बिचारे, पण तो शेवटचा अर्धा तास फॉस्फरसचा असतो म्हणून मी काढत नाही. आईंना आम्ही टेक्निशियन लोक छळतो असं वाटत असेल तर माझ्या वतीने सॉरी सांगा.

अजून एक. मशीनला डायलिसिसच्या द्रावणाचे जे पार्ट ए चे कॅन लावतात त्यावर कॅल्शियम किती ते छापलेलं असतं, १.२५, १.५ किंवा १.७५. रक्तातलं कॅल्शियम जास्त असलेल्या पेशंटला कुठलं लावायचं हे डॉक्टर ठरवतात, १.२५ ते १.५ ठेवा असं सांगतात सहसा. पुढच्या वेळी विचारा, विचारण्यात कसला संकोच.

पथ्य_आणि_पाणी

आहारतज्ज्ञ आहे, कोल्हापूरला किडनीच्या पेशंटबरोबर काम करते. वर सगळं छान लिहिलंय, मी फक्त ताटाचं बोलते.

पहिली विनंती, फॉस्फरस कमी करायचा म्हणून आईंचं जेवण कमी करू नका. डायलिसिसमध्ये प्रथिनं वाया जातात, वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम प्रथिन लागतंच. मी अशी घरं बघितलीत जिथे डाळ, अंडं, मासे सगळं बंद करून पेशंटला भात-भेंडीवर ठेवलंय आणि सहा महिन्यांत अंगावरचं मांस गेलंय. तो फॉस्फरस कमी येतो पण माणूस खंगतो.

फॉस्फरस किती खाल्ला यापेक्षा कुठला खाल्ला ते बघा. डाळी, कडधान्यं, नाचणी यातला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात बांधलेला असतो, तो सोडवायचं एन्झाइम आपल्या आतड्यात नाही, त्यामुळे अर्ध्याहून कमीच शोषला जातो. दूध, मटण, मासे यातला अर्धा किंवा थोडा जास्त. आणि पाकिटातल्या पदार्थांत टिकण्यासाठी, फुगण्यासाठी, मऊ राहण्यासाठी जो फॉस्फेट घालतात तो जवळपास सगळाच्या सगळा रक्तात जातो. तो चवीला कळत नाही. पाकिटामागे बारीक अक्षरात आयएनएस (खाण्यात मिसळलेल्या रसायनांचे क्रमांक) ३३८, ३३९, ३४०, ३४१, ४५०, ४५१, ४५२ असे आकडे दिसले की ते पाकीट आईंचं नाही. काळं कोल्ड्रिंक म्हणजे ३३८. चीजच्या स्लाइस, झटपट नूडल्स, कितीतरी बिस्किटं-केक यात बाकीचे. डायलिसिसला जाताना पिशवीत काय असतं बघा एकदा, बहुतेकांच्या पिशवीत क्रीमचं बिस्किट असतंच.

आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे शेंगदाण्याचं कूट. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, आमटीत कूट, वर चटणी. कुणी "दाणे खाता का" विचारलं तर आई नाहीच म्हणणार, कारण त्या दाणे खात नाहीत, कूट खातात! शंभर ग्रॅम दाण्यांत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या पुढे फॉस्फरस आहे आणि पोटॅशियमही भरपूर. तीळ, खसखस, सुकट यांचंही तसंच. कूट एकदम बंद करू नका, सांगलीच्या बाईला जेवण गोड लागणार नाही. एका भाजीत, चमचाभर, एवढं ठरवा.

अंड्याचं पांढरं रोज द्या, त्यात प्रथिन चांगलं आणि फॉस्फरस नगण्य, सगळा पिवळ्यात असतो. मटण-चिकन उकळून पहिलं पाणी ओतून द्या मग रस्सा करा, पोटॅशियमही उतरतं. तुमच्या वहिनींचं पायाचं सूप, त्यांनी किती मायेने केलं असेल, पण त्याने हाडाला काही मिळत नाही, मीठ आणि पाणी तेवढं वाढतं. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असतं म्हणून ती एरवी गुणाची, आईंच्या १०.४ ला मात्र नको. ज्वारीची भाकरी चालेल, आवडतही असेल.

साधा_माणूस_७१

सध्या व्हिटॅमिन के-टू च्या कॅप्सूलबद्दल बरंच फिरतंय की ते नसांमधलं कॅल्शियम उचलून हाडात नेतं. माझ्या साडूंनी चालू केलंय. शिवाय लसूण-आलं-लिंबू-व्हिनेगर उकळून काढा घेतला तर शिरा मोकळ्या होतात म्हणे. या ताईंनी करून बघावं का?

रात्रपाळी

@साधा_माणूस_७१ काका, के-टू ची कल्पना चुकीची नाही, मी वर ज्या राखणदार प्रथिनाचं लिहिलं त्याला व्हिटॅमिन के लागतं हे खरं आहे आणि डायलिसिसवरच्या लोकांत ते कमी असतं हेही खरं. म्हणूनच त्यावर बऱ्याच चाचण्या झाल्या, सिंगापूरला झाली, युरोपात झाल्या. त्या प्रथिनाचं निष्क्रिय रूप रक्तात किती आहे तो आकडा सुधारला पण धमनीतलं साचणं थांबल्याचं डायलिसिसच्या पेशंटमध्ये के-टू ने दाखवता आलेलं नाही. त्यामुळे त्यावर पैसे घालवून बाइंडरची, म्हणजे फॉस्फरस धरणारी, गोळी परवडत नाही अशी वेळ आणू नका. सेव्हेलामर जेनेरिकमध्ये मिळते, डॉक्टरांना विचारून ती घ्या, खर्चात फरक पडेल.

काढा नको. लिंबाने पाण्याच्या फिल्टरचा चुना निघतो, धमनीतला चुना भिंतीच्या आत आहे, तिथे लिंबू पोचत नाही, आणि त्या काढ्यातलं पाणी नि पोटॅशियम मात्र पोचतं. सलाइनमधून रसायन देऊन नसा साफ करतो म्हणणारेही असतात, डायलिसिसच्या पेशंटला तिकडे नेऊच नका, रक्तातलं कॅल्शियम झपकन उतरून जीवावर बेतू शकतं.

साडू वॉरफरिन किंवा तसलं रक्त पातळ करायचं औषध घेत असतील तर के-टू डॉक्टरांना न सांगता अजिबात नको, दोन्ही एकमेकांविरुद्ध चालतात. उलटही सांगतो, वॉरफरिन व्हिटॅमिन के चं काम अडवतं, त्यामुळे डायलिसिसवर ते बरीच वर्षं चालू असेल तर धमन्यांत साचणं वाढू शकतं. पण ते ज्या कारणासाठी दिलंय ते कारणही मोठं असतं, त्यामुळे स्वतःहून बंद करायचं नाही, विचारायचं.

मावशीची_भाची

वॉरफरिनचा विषय निघाला म्हणून लिहिते, नाहीतर लिहिणार नव्हते. ताई, घाबरवायचं नाहीये, हे फार थोड्या लोकांना होतं, पण आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून सांगते.

माझी मावशी सात वर्षं डायलिसिसवर होती, शुगर होती, अंगाने जाड, झडपेसाठी वॉरफरिन चालू. एकदा म्हणाली मांडी आतून जळतेय. बघितलं तर बाहेरच्या बाजूला जांभळट जाळी, आणि मध्ये बिब्बा उतल्यासारखा काळपट डाग. हात लावू द्यायची नाही, चादर लागली तरी कळवळायची. एका दवाखान्यात नागीण म्हणून मलम दिलं, पंधरा दिवस गेले. दुसरीकडे शुगरची जखम म्हणून ड्रेसिंग. डाग कडक होऊन काळा पडला, पोटावर दुसरा आला. मग एका तरुण नेफ्रोलॉजिस्टने बघताक्षणी सांगितलं की हे कॅल्सिफिलॅक्सिस आहे, कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांतच कॅल्शियम बसून त्या बंद होतात आणि वरची कातडी मरते. वॉरफरिन बदललं, डायलिसिसच्या शेवटच्या तासात सोडियम थायोसल्फेटचं सलाइन द्यायचे, कॅल्शियम-डी सगळं बंद. दुखणं कमी झालं पण जखमांना जंतू लागले होते. मावशी गेली. ते पंधरा दिवस आधी कळलं असतं तर, हे मी रोज मनात म्हणते.

म्हणून एवढंच, डायलिसिसच्या माणसाला मांडीवर, पोटावर, नितंबावर कडक दुखरी गाठ किंवा जाळीसारखा जांभळा डाग दिसला, आणि दिसतंय त्याच्या मानाने दुखणं फारच जास्त असेल, तर त्याच दिवशी किडनीच्या डॉक्टरांना दाखवा, बाकी कुणाकडे वेळ घालवू नका. आणि आईंचे पाय रोज बघा, बोटांच्या मधे सुद्धा.

टेक्निशियन_बाई

@मावशीची_भाची, लिहिलंत ते बरं केलंत. मी उद्या आमच्या युनिटमध्ये सगळ्या बायकांना विचारणार आहे, बायका मांडीवरचं सांगत नाहीत लाजेने.

पायाचं अजून एक जोडते. कडक धमनी पट्ट्याने दाबली जात नाही, त्यामुळे घोट्याचं बीपी घेऊन पायाचा रक्तपुरवठा तपासतात ना, त्याचा आकडा खोटाच छान येतो. पाय गार आहे, चालताना पोटरी धरते, जखम भरत नाही, आणि रिपोर्ट नॉर्मल, असं झालं तर अंगठ्याचं प्रेशर किंवा डॉपलर करा म्हणून आग्रह धरा.

वारणाकाठची

सगळ्यांचे आभार, खरंच. @मावशीची_भाची, तुमचं वाचून खूप वेळ काही सुचलं नाही. तुम्ही लिहिलंत म्हणून काल रात्री आईचे पाय आणि मांड्या टॉर्च लावून बघितल्या, ती लाजत होती, काही नाहीये.

सोमवारचं सांगते. टेक्निशियन दादांना कॅनचं विचारलं, त्यांनी लगेच फिरवून दाखवला, १.७५ होता. डॉक्टर राउंडला आले तेव्हा मी आणि दादा दोघं उभे होतो. त्यांनी वही बघितली, आता १.५ चा लावायला सांगितलाय. गोळ्यांच्या वेळेचं कबूल केलं तर ते खुर्ची ओढून बसलेच, म्हणाले मग तीन वर्षं मी वाढवत असलेला डोस पोचतच नव्हता. हृदयाचा इको सांगितलाय, झडपेवर कॅल्शियम आहे का बघायला, तो शुक्रवारी आहे. पोट फुगतं म्हणून सेव्हेलामर आधी दोन मोठ्या जेवणांबरोबरच, पंधरा दिवसांनी तिसरी. फॉस्फरस महिन्याने, पीटीएच तीन महिन्यांनी परत. चार तास पूर्ण करायचे हे आईने स्वतः कबूल केलं, ती पण दर वेळी वीस मिनिटं आधी उठत होती हे आम्हाला तिथेच कळलं.

घरी आता गोळीची छोटी वाटी ताटात असते, लोणच्याच्या जागी. वहिनी पाकिटांमागचे आकडे वाचतेय, काल रात्री तिने सहा पाकिटं बाजूला काढली. कूट एका भाजीत ठरलंय, आईने गवार निवडली.

@अकरावं_वर्ष काका, प्रत्यारोपणासाठी दादाची तपासणी करायची म्हणतोय. तो सीटी तुम्ही कंबरेचाच केला होता ना, आणि त्याला ते रंगाचं इंजेक्शन द्यावं लागलं का? आईला अजून थोडी लघवी होते म्हणून विचारतेय.

अकरावं_वर्ष

इंजेक्शनशिवायच केला होता ताई. कॅल्शियम साध्या सीटीत पांढरं स्वच्छ दिसतं, त्याला रंग लागत नाही. थोडी लघवी आहे ना, मग ती जपा, त्यातूनही थोडा फॉस्फरस जातो. कंबरदुखीसाठी दुकानातून पेनकिलर आणू नका, लघवी त्याने जाते, डॉक्टरांना विचारूनच घ्या. इको झाला की इथे कळवा, मी शुक्रवारी घरीच असतो.